स्पष्ट छायाचित्रासाठी : कॅमेऱ्याच्या फोकस-पद्धतींची ओळख

स्मरणिका हाती आली की वाचकाची नजर प्रथम छायाचित्रांवर जाते आणि मजकुरावर नंतर. माजी विद्यार्थी आपल्या तुकडीच्या समूहचित्रात स्वतःला शोधतो, पालक आपल्या मुलाचा चेहरा शोधतात, आणि वसतिगृहात वर्षानुवर्षे भाकरी थापणाऱ्या मावशी कोणत्या रांगेत उभ्या आहेत हे पाहण्यासाठी पान डोळ्यांजवळ धरले जाते. अशा वेळी नेमका तोच चेहरा अंधूक निघाला, तर होणारी हळहळ दूर करण्याचा उपाय कोणाच्याच हाती नसतो. प्रकाश कमी पडला असेल तर छायाचित्र संगणकावर उजळता येते, रंग बिघडले असतील तर सुधारता येतात. परंतु फोकस चुकला असेल तर छायाचित्रात जो तपशील उतरलाच नाही, तो मागाहून आणता येत नाही. नव्या संगणकप्रणाली अंधूक रेषा ठळक करून देतात हे खरे. पण ते अंदाजाने भरलेले चित्र असते. त्या अंदाजातून तयार झालेला चेहरा त्याच माणसाचा राहील, याची खात्री देता येत नाही.

आपल्या समाजातील अनेक घरांत मागील पिढ्यांची छायाचित्रे मोजकीच आहेत. कित्येक घरांत आजी-आजोबांचे एकच छायाचित्र आहे, काही घरांत तेही नाही. आज परिस्थिती पालटली आहे. प्रत्येक हातात कॅमेरा असलेला मोबाइल आहे, अनेक माजी विद्यार्थ्यांकडे उत्तम डिजिटल कॅमेरे आहेत. साधन हाती आल्यावर ते नीट वापरण्याची विद्याही हाती असावी, एवढ्याच हेतूने कॅमेऱ्यातील फोकसच्या विविध पद्धतींची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

फोकस म्हणजे नेमके काय?

शाळेच्या प्रयोगशाळेत बहिर्वक्र भिंगाने खिडकीची प्रतिमा पांढऱ्या पडद्यावर पाडण्याचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असेल. पडदा थोडा पुढे-मागे केला की प्रतिमा एका ठरावीक जागी रेखीव होते आणि तेथून किंचित हलवला की ती पसरते. कॅमेऱ्यात हेच घडते. तेथे पडद्याच्या जागी संवेदक असतो आणि तो स्थिर असतो. पुढे-मागे सरकतात ती भिंगे. भिंग एका वेळी एकाच अंतरावरील वस्तूची प्रतिमा पूर्णपणे रेखीव पाडू शकते. त्या अंतराच्या अलीकडील आणि पलीकडील वस्तू कमी-अधिक प्रमाणात पसरट दिसतात. कोणत्या अंतरावरील वस्तू रेखीव यावी हे ठरवून भिंग त्या जागी आणणे, म्हणजे फोकस करणे.

आपल्या डोळ्यातही हे कार्य अखंड चाललेले असते. पुस्तकावरून नजर उचलून आपण डोंगराकडे पाहतो, तेव्हा डोळ्याचे भिंग आपला आकार बदलते. त्यालाच समायोजन म्हणतात. ते इतके सहज घडते की आपल्याला जाणवतही नाही. कॅमेऱ्याला मात्र हे सांगावे लागते. आपण सांगितले नाही, तर तो आपल्या बुद्धीने ठरवतो, आणि त्याची बुद्धी आपल्या मनातील माणूस कोणता हे ओळखू शकत नाही.

फोकस केलेल्या अंतराच्या मागे-पुढे काही भाग डोळ्यांना स्पष्टच वाटतो. त्या पट्ट्याची खोली तीन गोष्टींवर ठरते : भिंगाचे छिद्र किती उघडे आहे, वस्तू किती जवळ आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर किती आहे. छिद्र मोठे, वस्तू जवळ आणि नाभीय अंतर जास्त असेल तर पट्टा अरुंद होतो. उदाहरणार्थ, सर्वसाधारण डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग लावून दोन मीटर अंतरावरील चेहरा एफ/१.८ या छिद्राने टिपला, तर स्पष्ट पट्टा जेमतेम ११-१२ सेंटीमीटरचा असतो. कानावर फोकस झाला तर त्याच चेहऱ्याचे डोळे हलकेसे पसरतात. छिद्र एफ/८ इतके लहान केले की हाच पट्टा सुमारे अर्ध्या मीटरचा होतो. छिद्राचा आकडा जेवढा मोठा तेवढे छिद्र लहान, हे नवशिक्याने आधी लक्षात ठेवावे.

अंधूकपणाची तीन कारणे

प्रत्येक अंधूक छायाचित्राचा दोष फोकसकडे जात नाही. रोगाचे निदान झाल्याशिवाय औषध देऊ नये, त्याचप्रमाणे आधी छायाचित्र मोठे करून नीट पाहावे. छायाचित्रात कोठेतरी, म्हणजे मागची भिंत किंवा पुढचे गवत, रेखीव आले असेल आणि माणूस तेवढा पसरट असेल, तर फोकस चुकलेला असतो. सगळेच चित्र एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर हात हलला आहे. पार्श्वभूमी स्वच्छ आहे, पण नाचणाऱ्याचे हातपाय तेवढे पुसट आहेत, असे असेल तर शटरची गती विषयाच्या मानाने कमी पडली आहे.

पहिल्या दोषावर या लेखातील उपाय लागू पडतात. दुसऱ्या व तिसऱ्या दोषांवर फोकसची कोणतीही पद्धत उपयोगी पडत नाही. तेथे कॅमेऱ्याला आधार द्यावा लागतो किंवा शटरची गती वाढवावी लागते. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी नाभीय अंतराच्या आकड्याइतका तरी शटरचा छेद असावा, म्हणजे ५० मिलिमीटरच्या भिंगाला निदान १/५० सेकंद, असा जुना नियम आहे. संवेदक लहान असलेल्या कॅमेऱ्यांवर याहूनही अधिक गती ठेवणे चांगले. धावत्या खेळाडूसाठी १/५०० सेकंद वा त्याहून जलद गती लागते.

कॅमेरा स्वतः फोकस कसा शोधतो?

एके काळी छायाचित्रकार भिंगावरील कडे फिरवून स्वतःच्या डोळ्याने फोकस साधत असे. १९७७ साली आलेल्या कोनिका सी-३५ एएफ या कॅमेऱ्याने स्वयंचलित फोकस सर्वसामान्यांच्या हाती दिला. १९८५ साली मिनोल्टा ७००० या एसएलआर कॅमेऱ्यात फोकसची यंत्रणा व मोटार कॅमेऱ्याच्या अंगातच बसवण्यात आली आणि त्यानंतर व्यावसायिक छायाचित्रणाचीही वाट बदलली.

कॅमेरा मुख्यत्वे दोन मार्गांनी फोकस शोधतो. पहिल्या मार्गात तो भिंग पुढे-मागे सरकवून प्रतिमेतील उजेड-अंधाराचा भेद कोठे सर्वाधिक होतो ते पाहतो. प्रतिमा रेखीव असते तेव्हा कडा ठळक असतात, म्हणून हा भेदही अधिक असतो. ही पद्धत अचूक आहे, पण शिखर ओलांडून पुन्हा मागे आल्याशिवाय तिला शिखर कळत नाही. म्हणून कमी प्रकाशात भिंग घरघर करीत पुढे-मागे जाताना दिसते. दुसऱ्या मार्गात भिंगाच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश वेगळा करून त्या दोन प्रतिमांमधील अंतर मोजले जाते. भिंग कोणत्या दिशेने आणि किती सरकवायचे हे त्यावरून एकदम कळते. म्हणून हलत्या विषयासाठी हा मार्ग सरस ठरतो. पूर्वी त्यासाठी एसएलआरमध्ये वेगळा संवेदक असे. आता मिररलेस कॅमेऱ्यांत आणि अनेक मोबाइलमध्ये हे काम मुख्य संवेदकावरचेच पिक्सेल करतात.

या दोन्ही मार्गांना कडा लागतात, हे येथे ध्यानात घ्यावे. कोऱ्या भिंतीवर, एकरंगी साडीवर किंवा चीवराच्या सपाट भागावर कॅमेऱ्याला धरून ठेवण्यासारखे काही सापडत नाही. तोच फोकसचा बिंदू साडीच्या काठावर, चष्म्याच्या चौकटीवर किंवा चीवराच्या घडीवर ठेवला की क्षणात काम होते.

फोकसच्या चार पद्धती

पहिली पद्धत एकवार फोकसची. निकॉन व सोनीच्या कॅमेऱ्यांत तिला एएफ-एस म्हणतात, कॅननमध्ये वन शॉट. शटरचे बटण अर्धे दाबले की कॅमेरा एकदा फोकस करतो आणि बोट तसेच ठेवले तोवर तो फोकस कुलूपबंद राहतो. बसलेली किंवा उभी माणसे, इमारत, पुतळा, प्रमाणपत्र स्वीकारताना क्षणभर थांबलेला विद्यार्थी, अशा स्थिर विषयांसाठी ही पद्धत योग्य आहे. विषय पुढे सरकला तर मात्र कॅमेरा जुन्याच अंतराला धरून बसतो.

दुसरी पद्धत सतत फोकसची. तिचे नाव एएफ-सी. कॅननच्या एसएलआरमध्ये एआय सर्वो व मिररलेसमध्ये नुसते सर्वो. बटण अर्धे दाबलेले असेपर्यंत कॅमेरा फोकस पुनःपुन्हा दुरुस्त करीत राहतो, आणि विषयाच्या गतीवरून पुढील क्षणी तो कोठे असेल याचाही अंदाज बांधतो. या अंदाजाची गरज साध्या हिशेबाने कळते. शंभर मीटर चौदा सेकंदांत धावणारी मुलगी एका सेकंदात सात मीटरांहून अधिक अंतर कापते. बटण दाबणे आणि छायाचित्र प्रत्यक्ष टिपले जाणे यांत एक दशांश सेकंद गेला, तरी ती सत्तर सेंटीमीटर पुढे आलेली असते. एकवार फोकसने घेतलेल्या शर्यतीच्या छायाचित्रात धावपट्टी स्वच्छ आणि मुलगी अंधूक का येते, याचे उत्तर या आकड्यात आहे.

तिसरी पद्धत स्वयंनिर्णयाची : एएफ-ए किंवा एआय फोकस. विषय स्थिर आहे की हलता, हे येथे कॅमेराच ठरवतो. नवशिक्याला ती सोयीची वाटते. परंतु ऐन क्षणी कॅमेऱ्याचा निर्णय उशिरा होऊ शकतो किंवा चुकू शकतो. विषय हलणार की नाही हे आपल्याला ठाऊक असते. तेव्हा तो निर्णय आपणच घेतलेला बरा.

चौथी पद्धत हाताने फोकस करण्याची, म्हणजे एमएफ. ती जुनी झाली असे समजू नये. लांब उडीच्या स्पर्धेत खेळाडू कोणत्या फळीवरून उसळणार हे निश्चित असते. त्या फळीवर आधी फोकस करून कॅमेरा एमएफवर ठेवला की भिंग हलत नाही आणि खेळाडू फळीवर येताच बटण दाबता येते. शर्यतीच्या अंतिम रेषेलाही हीच युक्ती चालते. अंधारात, काचेआडून किंवा जाळीमागून छायाचित्र घेताना कॅमेरा काचेवरील डागाला अथवा जाळीच्या तारेला धरू लागतो. तेथेही हात यंत्रापेक्षा विश्वासू ठरतो.

बिंदू कोठे ठेवावा?

केव्हा फोकस करायचा हे या पद्धती ठरवतात. कोठे करायचा हे फोकसचे क्षेत्र ठरवते, आणि बहुसंख्य चुका तेथेच होतात. कॅमेऱ्यावर स्वयंचलित क्षेत्र निवडलेले असेल, तर तो बहुधा सर्वांत जवळची किंवा सर्वांत ठळक कडांची वस्तू उचलतो. व्यासपीठावरील वक्त्याऐवजी पुढचा पुष्पगुच्छ वा ध्वनिक्षेपक रेखीव येतो, तो यामुळे.

स्थिर माणसासाठी एकच बिंदू निवडावा आणि तो डोळ्यावर ठेवावा. चेहरा तिरका असेल तर कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय असते. ती उपलब्ध असल्यास अवश्य वापरावी. मात्र चौकटीत अनेक माणसे असतील तर कॅमेऱ्याने कोणाचा डोळा धरला आहे, हे पडद्यावरील लहान चौकोन पाहून ताडून घ्यावे.

मधल्या बिंदूने चेहऱ्यावर फोकस कुलूपबंद करायचा आणि मग कॅमेरा वळवून चौकट साधायची, ही अनेकांची सवय आहे. दूरच्या विषयाला आणि लहान छिद्राला ती चालते. जवळून, मोठ्या छिद्राने व्यक्तिचित्र घेताना ती घातक ठरते. दोन मीटरवरील चेहऱ्यावर फोकस करून कॅमेरा वीस अंशांनी वळवला, तर फोकसचे प्रतल चेहऱ्याच्या सुमारे बारा सेंटीमीटर मागे जाते. आणि वर सांगितल्याप्रमाणे एफ/१.८ वर स्पष्ट पट्टाच तेवढा असतो. अशा वेळी कॅमेरा न वळवता फोकसचा बिंदूच चेहऱ्यावर सरकवावा.

प्रसंगानुसार निवड

समूहचित्र. तीन-चार रांगांच्या समूहचित्रात मागची रांग अंधूक येईल अशी भीती सर्वांनाच वाटते. प्रत्यक्षात सहा मीटरवरून, ३५ मिलिमीटरच्या भिंगाने, एफ/८ वर छायाचित्र घेतले तर साधारण साडेतीन मीटरपासून पंचवीस मीटरच्याही पलीकडे सारे स्पष्ट येते. रांगांची खोली त्यात सहज सामावते. खरा धोका वेगळाच आहे. चौकटीच्या मध्यावर दोन माणसांच्या मधली फट असते आणि मधला बिंदू त्या फटीतून थेट मागच्या फलकावर किंवा दूरच्या झाडावर जातो. छिद्र मोठे असेल तर फलकावरील अक्षरे सुवाच्य आणि माणसे पुसट, असे चित्र निघते. म्हणून पुढून दुसऱ्या रांगेतील एखाद्या चेहऱ्यावर बिंदू ठेवून एकवार फोकस करावा, छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवावे आणि निदान चार-पाच छायाचित्रे घ्यावीत. नंतर पडद्यावर मोठे करून दोन्ही टोकांचे आणि मागच्या रांगेचे चेहरे तपासावेत. मंडळी पांगण्यापूर्वी हे करावे.

मैदान. कबड्डीत चढाई करणारा आपल्याकडे येतो, दूर जातो, एकदम वळतो. येथे सतत फोकस आणि एकाऐवजी काही बिंदूंचा लहान गट निवडावा. खो-खोमध्ये अडचण निराळी असते. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू मधल्या ओळीत बसलेले असतात आणि धावपटू त्यांच्यामधून ये-जा करतो. क्षेत्र मोठे ठेवले तर कॅमेरा धावपटूला सोडून बसलेल्या खेळाडूला धरतो. येथे क्षेत्र लहान ठेवावे आणि धावपटूला चौकटीत धरून कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत राहावे. अनेक कॅमेऱ्यांत मध्ये कोणी आडवे आले तर फोकस लगेच बदलायचा की थोडे थांबायचे, हेही ठरवता येते. पंच वारंवार आडवे येणाऱ्या खेळात थांबण्याचा पर्याय घ्यावा.

रंगमंच आणि मंद प्रकाश. स्नेहसंमेलनातील नृत्यात प्रकाश सतत पालटत असतो. कलावंत थबकतो त्या क्षणाची वाट पाहून, त्याच्या वेशभूषेच्या ठळक काठावर बिंदू ठेवावा. सायंकाळच्या वंदनेत मेणबत्त्यांचा प्रकाश असतो. कॅमेरा ज्योतीकडे ओढला जातो आणि चेहरे मागे राहतात. माणसे स्थिर असल्याने एकवार फोकस व एकच बिंदू पुरेसा आहे. बिंदू चेहऱ्याच्या उजळलेल्या बाजूच्या कडेवर ठेवावा. कॅमेऱ्यातून फोकससाठी पडणारा सहायक दिवा अशा वेळी बंद ठेवणे शिष्टाचाराला धरून आहे. वंदनेत बसलेल्यांच्या डोळ्यांवर तो झोत येऊ नये.

जुन्या छायाचित्रांची नक्कल. घरातील चौकटीत असलेले जुने छायाचित्र पुन्हा टिपून ठेवणे हे प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आजच करावे असे काम आहे. कागद पिवळा पडतो, ओल लागते, वाळवी लागते. वाट पाहण्यात लाभ नाही. शक्य असल्यास छायाचित्र काचेतून बाहेर काढावे. ते काचेला चिकटले असेल तर ओढू नये, काचेसहच टिपावे. खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा जागी ते सपाट ठेवावे. कॅमेरा त्याला अगदी समांतर धरावा. तो तिरका असेल तर एक कड स्पष्ट आणि दुसरी पुसट येते. फोकसचा बिंदू डोळ्यांवर किंवा चेहऱ्याच्या कडेवर ठेवावा, काचेत दिसणाऱ्या प्रतिबिंबावर नव्हे. फार जवळ जाऊ नये. प्रत्येक भिंगाला फोकसचे एक किमान अंतर असते आणि त्याच्या आत कोणतीही पद्धत चालत नाही. छायाचित्राच्या मागे नाव, गाव वा तारीख लिहिलेली असेल तर त्याचेही स्वतंत्र छायाचित्र घ्यावे.

मोबाइलधारकांसाठी

मोबाइलचे संवेदक व भिंगे लहान असल्याने स्पष्ट पट्टा मुळातच खोल असतो, आणि म्हणून बहुतेक वेळा निभावते. तरीही तीन सवयी लावून घ्याव्यात. पहिली, भिंग मऊ सुती कापडाने पुसावे; खिशातील धूळ आणि बोटांचा तेलकटपणा यांनी झालेला धुरकटपणा अनेकदा फोकसच्या माथी मारला जातो. दुसरी, ज्याचे छायाचित्र घ्यायचे त्याच्या चेहऱ्यावर पडद्यावर बोटाने स्पर्श करावा, म्हणजे फोकस तेथे जातो. तिसरी, बहुतेक मोबाइलमध्ये बोट थोडा वेळ दाबून धरल्यास फोकस व प्रकाश कुलूपबंद होतात. समोरून माणसे ये-जा करीत असतील तेव्हा याचा चांगला उपयोग होतो. पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे करण्याऐवजी शक्य तेथे स्वतः दोन पावले पुढे जावे.

शेवटी

या साऱ्या पद्धती एका बैठकीत पाठ होणार नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. बटण दाबण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : विषय स्थिर आहे की हलता? आणि चौकटीतील नेमके कोण स्पष्ट यायला हवे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने पद्धत ठरते, दुसऱ्याने बिंदू. एखाद्या रविवारी घरातील मुलांना अंगणात धावायला लावून दोन्ही पद्धतींनी वीस-वीस छायाचित्रे घेतली, तर लेख वाचून जे कळले ते बोटांत उतरेल.

दुसरा प्रश्न तांत्रिक वाटला तरी केवळ तांत्रिक नाही. कार्यक्रमात पाहुण्यांची छायाचित्रे भरपूर निघतात. स्वयंपाकघरातील मावशी, रात्री दिवे मालवणारे चौकीदारकाका, मागच्या रांगेत टाचा उंचावून उभा असलेला पहिलीचा मुलगा, यांच्याकडे बिंदू क्वचितच वळतो. यंत्र जवळचे आणि झगझगीत तेवढे निवडते; माणसाला निवड करता येते. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी यापुढील कार्यक्रमांची छायाचित्रे घेताना ती निवड जाणीवपूर्वक करावी, आणि प्रत्येक छायाचित्रासोबत नावे व वर्ष लिहून ठेवावे, ही आमची विनंती आहे. चेहरा स्पष्ट असूनही नाव हरवले, तर तेही एक प्रकारे अंधूकच छायाचित्र होय.